मोळी आणि अंघोळ

'श्यामची आई' शिकवायला सोपे, असा पुष्कळांचा समज आहे. चार डोळे पाणावले की तास साजरा झाला! मी कधी धुळ्याच्या, कधी जळगावच्या वर्गात बरीच वर्षे मराठी शिकवीत आलो आहे. माझा अनुभव निराळा आहे.

त्यातला मोळीचा प्रसंग वाचकांना आठवत असेल. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी रस्त्यात पडते. हात लावायला कोणी धजत नाही. आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे म्हणते, आणि घरी येऊन अंघोळ कर असेही सांगते.

साक्रीकडची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, मोळी दिली ते पटलं. पण अंघोळ कशाला?"

"काळच तसा होता," मागच्या बाकावरून उत्तर आले.

"असेल. पण म्हातारीला काय वाटलं, हे कुणी विचारलं का?"

वर्ग चिडीचूप झाला. सामाजिक न्यायाचा धडा मला वाटते इथेच सुरू होतो. आईची दया खरी होती, यात शंका नाही. पण दया करणारा वरच्या पायरीवरच उभा राहतो. न्याय म्हणजे ती पायरी काढून टाकणे.

साने गुरुजींनी ती काढली. १९२४ ते १९३० या काळात ते आमच्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी आईच्या मायेने केली. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुढे पंढरीच्या विठोबाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या १ मेपासून ते उपोषणाला बसले आणि १० मेपर्यंत प्राण पणाला लावून राहिले. आईने लावलेले रोप लेकाने असे वाढवले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने तर १७ व्या कलमान्वये अस्पृश्यताच नष्ट केली.

कायदा झाला, पण सवयी काही कलमाने जात नाहीत. वर्गात एखाद्याच्या तोंडून अहिराणी शब्द निसटला की खसखस पिकते. आडनाव ऐकून बाक बदलणारेही असतात. अशा वेळी हसणाऱ्याला रागावणे सोपे. मी गप्प बसलेल्यांना उभे करतो आणि विचारतो, "तुम्हांला हे आवडलं नव्हतं ना? मग बोलला का नाहीत?" पहिल्यांदा माना खाली जातात. वर्षाअखेरीस एखादा न विचारताच बोलतो, "अरे, हसतोस काय?" तेवढ्यावर माझे वर्ष सार्थकी लागते.

पण वर्गात शिकवलेले घरी टिकायला हवे ना? दिवाळीचा फराळ धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आपण आनंदाने देतो. चहाही देतो. तो कोणत्या कपात देतो, एवढे मात्र मुले न चुकता पाहत असतात.