मॅक्रोच्या भरवशावर मराठी

मराठी विभागांमध्ये एक सोयीची समजूत रुजून बसली आहे: भाषा आमची, यंत्र संगणकवाल्यांचे. फाँट बदलून देणारे साधन कोणत्या भाषेत लिहावे, ते कोणकोणत्या यंत्रांवर चालावे, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघालाच तर ‘तो तांत्रिक भाग आहे’ असे म्हणून चहा मागवला जातो. या समजुतीशी आमचे भांडण आहे.

भंडारा जिल्ह्यात हे भांडण हवेतले नाही. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या संहिता, लोकगीतांची संकलने, झाडीबोलीच्या शब्दयाद्या, विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध यांतला कितीतरी मजकूर डीटीपीच्या दुकानांत कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत टंकला गेला. या फायलींत मराठी नसतेच, मराठीचे चित्र असते. कृतिदेवमध्ये ‘क’ म्हणजे इंग्रजी ‘डी’ आणि ‘कि’ म्हणजे ‘एफ’ व मग ‘डी’. कारण वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर. रफाराचे नेमके उलटे. ‘कर्म’मधला रफार जुन्या फाँटात ‘म’नंतर टंकतात, युनिकोडमध्ये ‘र’ त्याच्या उच्चाराच्या जागी, ‘म’च्या आधी येतो. म्हणजे फाँट बदलणे हे ‘शोधा आणि बदला’चे काम नव्हे, त्यात वर्णक्रमाचे ज्ञान लागते. त्यातही बरेच तक्ते हिंदी डोळ्यांसमोर ठेवून रचलेले. हिंदीला ‘ऱ्या’ची गरज नाही, मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद त्या तक्त्यांनी का सांभाळावा?

आता हे ज्ञान ठेवले आहे कुठे? कुणाच्या वर्डमधल्या मॅक्रोत, कुणाच्या व्हीबीस्क्रिप्टच्या फायलीत, नाहीतर कर्त्याचा पत्ता लागत नाही अशा ईएक्सई फायलीत. या साऱ्यांच्या बाजूने एकच युक्तिवाद असतो, ‘चालते ना?’ कुठे चालते, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले. ज्यांची साधने त्यावर उभी आहेत त्यांनी आपल्या तक्त्यांचे काय करायचे ठरवले आहे? ईएक्सईचे तर बोलूच नये. तीत वेलांटीचा नियम काय लिहिला आहे हे पाहण्याचीही सोय नाही.

दुसऱ्या टोकाला लिनक्सचे अभिमानी आहेत. ते शेलची चार ओळींची आज्ञावली पुढे करतात. पण फायलीत जागच्या जागी बदल करणारी ‘सेड’ची आज्ञा लिनक्सवर एका रीतीने लिहावी लागते आणि मॅकवर दुसऱ्या, विंडोजवर तर ते शेल मुळात वेगळे आणून बसवावे लागते. एका कंपनीची बेडी तोडून आपल्याच यंत्राची बेडी घालणे, याला आम्ही स्वातंत्र्य म्हणणार नाही.

आमचे मत पायथनच्या बाजूने आहे, आणि ते भक्तिभावाने दिलेले नाही. पायथनही विंडोजवर आयता मिळत नाही. फाईल यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट न सांगितल्यास विंडोजवर तो दीर्घकाळ जुने कोडपेज गृहीत धरत आला, आणि मग मराठीची जी दशा होते ती सर्वांनी पाहिली आहे. त्याहून गंभीर दोष असा की, त्याच्या अंगभूत शोधयंत्रणेत ‘शब्द’ ओळखणारी खूण काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’ हा शब्द तोडून ती ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती देते. (योगायोगच, पण बोचरा.) १९८७ सालच्या पर्लची आजची आवृत्ती हे बरोबर करते. तरीही पायथनच, कारण तो तिन्ही यंत्रणांवर एकाच लेखनाने चालतो, फुकट आहे, आणि मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्याला आठवडाभरात वाचता येतो. स्वरचिन्हांचा दोष, तो ठाऊक असला तर, एका ओळीने टाळता येतो. एखाद-दुसरा परिच्छेद बदलण्यापुरते न्याहाळकात चालणारे जावास्क्रिप्टचे पानही पुरे. शेकडो फायलींसाठी नव्हे.

पण भाषेच्या निवडीपेक्षाही आमचा आग्रह एका गोष्टीवर आहे: वर्णांचा तक्ता आज्ञावलीच्या पोटात नको. तो साध्या मजकुराच्या वेगळ्या फायलीत असावा, डावीकडे जुना संकेत, उजवीकडे युनिकोड. आज्ञावली कुणीही पुन्हा लिहील. तक्ता मात्र मराठीच्या माणसालाच तपासता येतो, आणि तो त्याला उघडता आलाच पाहिजे.

याचा जाच आमच्याकडे सर्वांत आधी होतो. रूपांतराबरोबर ‘शुद्धलेखन’ही करून देणारी साधने मिळतात. झाडीबोलीच्या संकलनात माणसे ‘पानी’ म्हणतात. साधन ते निमूटपणे ‘पाणी’ करून टाकते, आणि मॅक्रोच्या आत दडलेला तो नियम कुणाला दिसत नाही. बोलीचा पुरावा पुण्याच्या वळणाने सुधारला गेला, हे संशोधकाला वीस वर्षांनी कळणार कसे? मूळ जुन्या फाँटातली फाईल तोवर कुणी जपलेली नसते.

तेव्हा ज्या विभागांकडे असे साधन आहे त्यांनी ते येत्या सुट्टीत विंडोज नसलेल्या एखाद्या यंत्रावर चालवून पाहावे. चाचणीसाठी ‘दऱ्या’, ‘कर्म’ आणि ‘पानी’ एवढे तीन शब्द पुरेत.