मैदानावरची माणसं : जतला आलेला ऑस्ट्रेलियन गुरू

दोस्तांनो, जिल्ह्याचा नकाशा काढा पाहू. सांगलीहून पूर्वेकडे बोट सरकवत न्या. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, आता आलं जत. पाऊस कमी, माळरान जास्त. स्वातंत्र्यापूर्वी जत हे सातारा जहागिरींपैकी एक संस्थान होतं. पुढे 1949 मध्ये हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

तर या जतमध्ये 1937 च्या सुमारास कोण आलं होतं, ठाऊक आहे? क्लॅरी ग्रिमेट! कसोटी क्रिकेटमध्ये 200 बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज! अंगानं किरकोळ, डोक्यावर कायम टोपी, पण लेगस्पिन असा टाकायचे की भले भले फलंदाज चक्रावून जायचे. जन्म न्यूझीलंडचा, खेळले ऑस्ट्रेलियाकडून आणि राहिले ॲडलेडला. जतचे राजे विजयसिंहराव डफळे यांना क्रिकेटचं भारी वेड. त्यांनी थेट ग्रिमेटनाच शिकवायला बोलावून घेतलं.

तिथे त्यांना एक मुलगा भेटला. विजय सॅम्युएल हजारे. जन्म सांगलीचा, 11 मार्च 1915 चा. वडील शाळामास्तर, घरात भावंडं बरीच. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच घर की!

विजयची उभं राहण्याची तऱ्हा मोठी अजब होती. पाय फाकलेले आणि बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरलेली! पुस्तकात असं कुठेच सांगितलेलं नसतं. आता एखादा मास्तर काय म्हणाला असता? "अरे, हे काय? आधी नीट उभा राहा!" ग्रिमेटनी तसं केलं नाही. त्यांनी गोलंदाजीतल्या खाचाखोचा शिकवल्या, पण फलंदाजीची ती ढब मोडली नाही. ज्या ढबीत चेंडू बॅटच्या मधोमध लागतो, ती मोडायची कशाला? काय बदलायचं हे पुष्कळांना कळतं. काय बदलायचं नाही, हे ज्याला कळतं तो खरा गुरू. (आईबाबा, हे वाक्य तुम्हीही एकदा वाचा हं!)

मग विजयरावांच्या बॅटीतून धावांचा पाऊस सुरू झाला. 1939-40 च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316! गंमत म्हणजे पुढे ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले आणि तिथेच स्थायिक झाले.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. संघ धर्मावरून पडलेले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर'. हजारे ख्रिश्चन, म्हणून 'इतर' संघात. 1943-44 च्या स्पर्धेत त्यांनी 248 धावांचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद 250 काढून तो मोडला. 'इतर' संघाला फॉलोऑन मिळाला. हजारे पुन्हा मैदानात उतरले आणि त्यांनी काढल्या 309! संघाच्या एकूण धावा 387. करा बरं वजाबाकी! बाकीचे सगळे मिळून आणि अवांतर धावा धरून उरल्या फक्त 78. भाऊ विवेक यांच्याबरोबर 300 धावांची भागी झाली, त्यात विवेकच्या धावा 21. पण त्या 21 नसत्या, तर 309 तरी झाल्या असत्या का? एक टोक धरून उभं राहणाऱ्याचं नाव फलकावर लहान दिसतं, एवढंच.

एवढं करूनही सामना हरलाच, तोही डावानं!

जानेवारी 1948 मध्ये भारताचा संघ ॲडलेडला कसोटी खेळत होता. ॲडलेड कुणाचं गाव, आठवलं ना? ग्रिमेट गुरुजींचं! ऑस्ट्रेलियानं 674 धावांचा डोंगर रचला. डॉन ब्रॅडमन यांनी 201 काढल्या, आणि त्यांचा त्रिफळा उडवला कुणी? आपल्या हजाऱ्यांनी! मग फलंदाजीला आल्यावर पहिल्या डावात 116 आणि फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात 145. समोरून लिंडवॉल आग ओकत होते, दुसऱ्या टोकाचे गडी पटापट परतत होते. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. याही सामन्यात भारत डावानंच हरला.

मग विजय कधी मिळाला? 10 फेब्रुवारी 1952 ला, मद्रासला. भारतानं इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवलं. भारताचा हा पहिलावहिला कसोटी विजय. विनू मंकड यांनी 12 बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली. कर्णधार हजाऱ्यांच्या धावा? अवघ्या 20! त्यांनी 309 काढल्या तेव्हा संघ हरला, आणि 20 काढल्या तेव्हा देश जिंकला.

हजारे 30 कसोटी खेळले. त्यांत 2192 धावा आणि 7 शतकं. 1960 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 18 डिसेंबर 2004 ला बडोद्यात त्यांचं निधन झालं. राज्या-राज्यांच्या संघांमध्ये होणाऱ्या एकदिवसीय स्पर्धेला आज त्यांचंच नाव आहे. विजय हजारे करंडक, टीव्हीवर ऐकलं असेलच तुम्ही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या वर्गात वेगळ्याच तऱ्हेनं बॅट धरणारा, पेन धरणारा किंवा गणित सोडवणारा कुणीतरी असेलच. त्याला हसण्याआधी एकदा बघा, त्याचा चेंडू कुठे जातो ते!