काळ्या मातीची सवय आणि नारळाचा भुसा

समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे बाबा फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. या टेकडीवर सुपारी वा जायफळासारखे दिसणारे कठीण खडे विपुल सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सारा माल दगड झाला, अशी त्यांविषयीची आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हे खडे झिओलाइट जातीच्या खनिजाचे होत. या खनिजास एक विलक्षण गुण आहे. पाण्यात विरघळलेला एक क्षार ते धरून ठेवते आणि त्याच्या मोबदल्यात आपल्याजवळचा दुसरा सोडून देते. शेडनेटगृहातील ट्रेमध्ये मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे ज्या नारळाच्या भुशात, म्हणजेच कोकोपीटमध्ये, वाढविली जातात, त्या भुशाचाही हाच व्यवहार आहे. तो ध्यानी न घेता खतपाणी दिले जात असल्यामुळेच पुष्कळ रोपे लागवडीपूर्वी हातची जातात.

या भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या कसदार जमिनीत वावरलेला आहे. ट्रॅप खडकापासून झालेली ही जमीन पाणी दीर्घकाळ धरते, अन्नद्रव्ये साठवते आणि मालकाच्या अनेक चुका पोटात घालते. वरखत चार दिवस उशिरा पडले तरी पीक मान टाकीत नाही. एक पाळी पाणी अधिक झाले तरी भेगाळलेली जमीन ते सामावून घेते. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती वजनास वजन लावून पाहिली तर भुशातही कमी नाही. परंतु ओंजळभर भुसा तोलून पाहावा, तो किती भरतो! सुका भुसा मातीच्या जवळजवळ दहावा हिस्सा वजनाचा असतो, आणि 98 खळग्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येक रोपाच्या वाट्यास त्यातील जेमतेम चिमूटभर येतो. जमीन म्हणजे भरलेले कोठार. ट्रेमधील खळगा म्हणजे रोजच्या शिध्याची वाटी. कोठाराच्या सवयीने वाटी भरणाऱ्याकडून दोन प्रकारे चूक घडते. तो आठवड्याचे खत एकदम देतो आणि मुळ्या करपवितो, अथवा आठवडाभर नुसते पाणी देतो आणि रोपे पिवळी पाडतो.

पहिली काळजी भुसा ट्रेमध्ये भरण्यापूर्वीच घ्यावयाची आहे. हा भुसा केरळ व तामिळनाडूतून येतो. केरळात खाऱ्या पाण्यात सोडणे कुजवून काथ्या काढण्याची जुनी रीत आहे. शिवाय नारळाच्या सोडणात मुळातच पालाश व सोडियम भरपूर असतात. न धुतलेल्या भुशात हे क्षार मुक्कामास असतात. नुसत्या पाण्याने सुटे क्षार वाहून जातात. भुशाच्या कणांना चिकटलेले जात नाहीत. पुढे खतातून कॅल्शियम व मॅग्नेशियम दिले की भुसा ते स्वतः धरतो आणि बदल्यात पालाश व सोडियम पाण्यात सोडतो. रोपाचे कोवळे पान वेडेवाकडे होते, शेंडा करपतो, आणि खत देऊनही रोप उपाशी का, हे मालकास उमगत नाही. यासाठी भुशाची वीट फुगवून प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावी. नंतर दर लीटर पाण्यास 5 ते 10 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून केलेल्या द्रावणात ती दिवसभर भिजत ठेवावी, निथळावी व पुन्हा दोनदा धुवावी. शेवटी निथळलेल्या पाण्याची क्षारता मीटरवर पाहावी. ती धुण्यासाठी वापरलेल्या पाण्याच्या क्षारतेहून अर्ध्या अंकापेक्षा अधिक असू नये. ‘धुतलेला’ असा छाप पिशवीवर असला तरी ही तपासणी टाळू नये. छाप पिशवीवर असतो, क्षार भुशात असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ट्रॅप खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असतात, ही जमेची बाजू. परंतु त्याबरोबर बायकार्बोनेटही येतात आणि ते भुशाचा सामू हळूहळू वर चढवितात. भुशातील रोपांस 5.5 ते 6.5 सामू मानवतो. तो 7 च्या वर गेला म्हणजे लोह असूनही रोपास मिळत नाही आणि नवे पान शिरांमध्ये पिवळे पडते. ही पिवळाई पाहून खताची मात्रा वाढविणे ही नित्याची चूक आहे. याउलट शेततळ्यात साठलेले पावसाचे पाणी मृदू असते. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून त्यावर वाढणाऱ्या रोपांस कॅल्शियम वेगळे द्यावे लागते. तेव्हा एकाच गावात विहिरीवरील रोपवाटिकेस आणि शेततळ्यावरील रोपवाटिकेस एकच तक्ता लागू पडत नाही. शेजाऱ्याने काय घातले हे विचारण्यापूर्वी त्याचे पाणी कोणते, हे विचारणे अगत्याचे आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडून सल्ला घ्यावा. सामू उतरविण्यासाठी आम्ल वापरण्याची गरज पडल्यास मात्रा पाण्याच्या पृथक्करणावरूनच ठरवावी, आणि आम्ल पाण्यात सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

आता मुख्य मुद्दा. शेतात पाणी देणे हे एक काम आणि खत देणे हे दुसरे. भुशात ही दोन कामे वेगळी राहत नाहीत. तेथे खत पाण्यातूनच आणि जवळजवळ प्रत्येक पाण्याबरोबर, परंतु अत्यंत पातळ असे द्यावे लागते. बी उगवेपर्यंत खताची मुळीच गरज नाही. पहिले खरे पान दिसू लागले की लीटरला अर्धा ग्रॅम 19:19:19 पुरते. रोप तीन-चार पानांचे झाल्यावर ती मात्रा एक ग्रॅमपर्यंत न्यावी. या खतात कॅल्शियम नसते. तेव्हा मृदू पाणी वापरणाऱ्याने अधूनमधून कॅल्शियम नायट्रेटचे पाणी स्वतंत्रपणे द्यावे. स्फुरद वा गंधकयुक्त खताच्या घट्ट द्रावणात ते मिसळल्यास तळाशी पांढरा साका बसतो, ठिबकाची तोंडे बुजतात आणि दोन्ही खते वाया जातात.

वर्धा जिल्ह्यातील मे महिन्याचा उन्हाळा हा या हिशेबातील मोठा घटक होय. कडक उन्हात रोप पाणी भराभर ओढते. क्षार त्या प्रमाणात ओढीत नाही. खळग्यातील निम्मे पाणी गेले की उरलेल्या पाण्यातील क्षार दुप्पट घट्ट होतो. सकाळी मोजून दिलेले सौम्य खत दुपारी अशा रीतीने तीव्र होऊन बसते. म्हणून ऊन जितके कडक तितके द्रावण पातळ आणि पाळ्या अधिक, असा क्रम ठेवावयास पाहिजे. प्रत्यक्षात रोपे कोमेजलेली दिसताच ‘ताकद’ म्हणून जास्त खत दिले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते. दर पाळीस दिलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा ट्रेखालून निथळू द्यावा. हे पाणी वाया गेले असे समजू नये. साठलेला क्षार तेच बाहेर नेते. निथळ भांड्यात धरून मोजली व ती दिलेल्या द्रावणापेक्षा बरीच खारट आढळली, तर पुढील पाळी साध्या अथवा अत्यंत पातळ पाण्याची द्यावी.

पाणी केव्हा द्यावे, याविषयीही डोळा फसवितो. भुशाचा वरचा थर लवकर वाळून फिकट होतो. खाली मात्र तो ओला असतो, कारण भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. वरचा रंग पाहून झारी उचलणाऱ्याच्या ट्रेमध्ये मुळ्यांस हवा मिळत नाही आणि रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. ट्रे हातात उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. चार दिवसांत हात तयार होतो, आणि या एका बाबतीत तरी यंत्रापेक्षा अनुभवी बाईमाणसांचा हात अधिक भरवशाचा असतो.

भुशातील खतपाण्याचे परदेशी तक्तेही आता तरुणांच्या हाती येऊ लागले आहेत. त्यांपैकी पुष्कळ तक्ते गांजाच्या झाडांसाठी बेतलेले असतात. कॅनडासारख्या देशात 2018 पासून हे पीक कायदेशीर असून ते बंद इमारतींत, कृत्रिम प्रकाशात घेतले जाते. आपल्याकडे इंग्रजी अमलात खांडव्याच्या बाजूस परवान्याने गांजा पिकत असे. परंतु 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवानगीवाचून त्याची लागवड हा गंभीर गुन्हा आहे. येथे प्रश्न त्या पिकाचा नाही. त्या तक्त्यांतील भुशाचे शास्त्र खरे असले तरी त्यांतील मात्रा मोठ्या, खादाड झाडाच्या आणि थंड खोलीतल्या आहेत. त्या 20 दिवसांच्या मिरचीच्या रोपास, तेही विदर्भाच्या उन्हात, दिल्यास पानांच्या कडा दोन दिवसांत जळतील.

याच तालुक्यातील वायगावच्या हळदीस आणि शेजारच्या भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. या दोन्ही पिकांस ट्रेमधील रोपांचा उपयोग आहे. हळदीच्या कंदाचा एका डोळ्याचा लहान तुकडा भुसा व गांडूळखताच्या मिश्रणात लावून महिना-सव्वा महिन्यात रोप तयार करण्याची पद्धत रूढ होत आहे. तीत बियाण्याची मोठी बचत होते. गांडूळखत स्वतःच अन्न पुरवीत असल्याने अशा ट्रेला वरून द्यावयाचे खत आणखी कमी लागते, इतके येथे पुरे.

गादीवाफ्यावरील रोपे काय वाईट, असाही आक्षेप घेतला जातो. तो अगदीच अनाठायी नाही. अर्ध्या एकराच्या मिरचीपुरती रोपे लावणाऱ्याने उत्तम गादीवाफा करावा. भुशाच्या नादी लागण्याचे त्यास कारण नाही. परंतु जो रोपे विकतो, त्याच्यावर अनेक कुटुंबांचा हंगाम अवलंबून असतो. जुलैत लावलेली अशक्त रोपे महिन्याने मेली, तर ज्याने ती विकत घेतली त्यास तो महिना कोणी परत देत नाही. राज्याने 2020 साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिका योजना सुरू केली आणि शेडनेटगृहासारख्या साधनांस अर्थसाहाय्य दिले, हे स्तुत्य होय. मात्र जाळीचे छप्पर पाण्यातील क्षार सांगत नाही. क्षारता व सामू मोजणारी दोन लहान यंत्रे आणि पाण्याचा तपासणी अहवाल यांवाचून कोणतेही शेडनेटगृह पूर्ण झाले असे मानू नये. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी खतांची नावे सांगण्याऐवजी शिकाऱ्याच्या हाती मीटर आणि त्याच्याच विहिरीचे पाणी द्यावे.

जूनच्या अखेरीस रोपे उन्हावाऱ्यास सरावावीत म्हणून ट्रे उघड्यावर काढले जातात, आणि नेमक्या त्याच वेळी पाऊस लागतो. एका रात्रीच्या मुसळधारेने खळग्यातील बहुतेक अन्न धुऊन जाते. सकाळी ट्रे ओलेचिंब दिसतात; म्हणून दोन-तीन दिवस त्यांस काहीच दिले जात नाही आणि लागवडीच्या तोंडावर रोपे फिकी पडतात. अशा वेळी पाऊस उघडताच, भुसा ओला असला तरी, एक हलकी पाळी खताच्या पाण्याची द्यावी आणि त्या दिवशीची निथळ अवश्य मोजून ठेवावी.