बर्फावरची प्रतवारी

अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मुलावर नवव्या-दहाव्या वर्षीच प्रतीचा शिक्का बसतो. हंगामापूर्वी थोड्या दिवसांची निवडचाचणी होते. तीवरून कोणी ‘ट्रिपल ए’, कोणी ‘डबल ए’ वा ‘ए’, तर कोणी ‘बी’ संघात जातो. मिनेसोटात मुले बहुधा आपल्या गावाच्याच संघातून खेळतात. तरी तेथेही ए, बी, सी आहेतच.

प्रतवारी मुळातच अन्याय्य नव्हे. कच्च्या मुलास तरबेजांत ढकलले, तर त्याच्या काठीला चकती क्वचितच लागेल. परंतु परीक्षक मोजतात काय? वयोगट जन्मवर्षावरून ठरतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात! १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले की, वरच्या संघांत वर्षारंभी जन्मलेल्यांचाच भरणा असतो. थोराड मुलगा निवडला जातो, अधिक सराव व चांगला प्रशिक्षक त्यालाच लाभतो, आणि पुढे तो खरोखरच सरस ठरतो. हिलाच आपण गुणवत्ता म्हणतो.

‘यूएसए हॉकी’ या संस्थेने २०११ साली बारा वर्षांखालील गटातून अंगावर धडक देण्याची मुभा काढून घेतली. हे शहाणपणाचेच झाले. पण शिक्का राहिला.

मॉरिशसवासीयांस हे परके वाटू नये. सी.पी.ई. परीक्षा अकरा वर्षांच्या पोरांना अशीच वाटून टाकीत असे. २०१७ साली तिच्या जागी दुसरी आली.

चाचणी अवश्य घ्यावी. परंतु हंगामाच्या मध्यास पुन्हा घ्यावी, आणि डिसेंबरातल्या पोरास वर चढण्याची वाट मोकळी ठेवावी.