स्किमर घेताना खोक्यावरचा आकडा विसरा

ब्रिटनमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक बाळगणारी आपली मंडळी एकत्र आली की एक प्रश्न हमखास निघतो: प्रोटीन स्किमर कोणता घ्यावा? उत्तरही ठरलेलं असतं. टँकच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, जरा महागातला घ्या, मग काळजी नाही. माझं मत वेगळं आहे. स्किमर उपयोगी यंत्र आहे, पण ज्या कामासाठी आपण तो विकत घेतो ते काम तो अर्धवटच करतो. जे काम तो खरोखर उत्तम करतो त्याकडे मात्र आपलं लक्षच नसतं.

त्याचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजत असली की वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. डाळीतून सुटलेल्या काही रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाणी टाळतं. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर अशा रेणूंची दोन्ही टोकं खूश असतात, म्हणून ते बुडबुड्यांना चिकटून वर येतात. स्किमरही हेच करतो. दातेरी पंख्याचा पंप हवेचा अक्षरशः चुरा करतो, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून आलेले रेणू बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस वरच्या कपात साठतो. हवा तेवढीच ठेवून बुडबुड्यांचा व्यास निम्मा केला, तर चिकटायला जागा दुप्पट मिळते. म्हणून बारीक बुडबुड्यांना एवढं महत्त्व.

गोड्या पाण्यात हे नीट का जमत नाही? तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मीठ लिटरमागे काही ग्रॅमच्या पुढे गेलं की हे मिसळणं थांबतं. समुद्राच्या पाण्यात मीठ लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम असतं, त्यामुळे बुडबुडे बारीकच राहतात.

आता हा फेस पाणी कितपत स्वच्छ करतो ते पाहू. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी 2009 आणि 2010 मध्ये स्किमरची मोजमापं प्रसिद्ध केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 35 टक्केच स्किमरने काढला आणि तिथे तो थांबला. वेगवेगळ्या बनावटींमध्ये याबाबत फार मोठा फरक दिसला नाही. कारण साधं आहे. पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रेणूंना बुडबुड्याला चिकटण्यात काहीच रस नसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट तर थेट निघतच नाहीत. त्यांच्यात रूपांतर होण्याआधी थोडा कचरा बाहेर गेला, एवढाच फायदा.

इथे ब्रिटनमधला एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. जुन्या घरांतल्या शिशाच्या नळांमधून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून इथे बहुतेक ठिकाणी नळाच्या पाण्यात फॉस्फेट मुद्दाम मिसळतात. नायट्रेटची कायदेशीर मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे. माणसाला हे पाणी सुरक्षित आहे, पण टँकमध्ये ते शेवाळाचं खत ठरतं. नळाच्या पाण्यात मीठ कालवून टँक भरला, तर जगातला कोणताही स्किमर तो वाचवू शकणार नाही. म्हणून पहिला खर्च आरओ फिल्टरवर करा.

मग स्किमर हवाच कशाला? श्वासासाठी. 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 7 पेक्षाही थोडा कमी. रात्री दिवे बंद झाले की शेवाळ आणि प्रवाळांमधली प्रकाशसंश्लेषणाची क्रिया थांबते आणि सगळेच ऑक्सिजन वापरू लागतात. अशा वेळी रात्रभर हवा घुसळणारं यंत्र मोलाचं ठरतं.

ही गोष्ट स्किमरच्या कितीतरी आधी लंडनमध्ये एका बाईंना उमगली होती. अ‍ॅना थिन यांनी 1846 मध्ये टॉर्कीहून प्रवाळ आणले आणि वेस्टमिन्स्टरच्या आपल्या घरात जगवले. त्यासाठी त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयातलं फिश हाउस, म्हणजे जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय, 1853 मध्ये उघडलं. थिन यांचा प्रयोग त्याच्या सात वर्षं आधीचा.

त्या उघड्या खिडकीतही शहाणपण होतं. हिवाळ्यात आपण दारं-खिडक्या गच्च बंद करून बसतो आणि खोलीतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो. तो पाण्यात उतरतो, पीएच घसरतो आणि प्रवाळांना सांगाडा बांधणं जड जातं. स्किमर हीच हवा ओढत असतो. त्याच्या हवेच्या नळीचं टोक खिडकीबाहेर काढलं की पीएच बऱ्याचदा सुधारतो. काही पौंडांच्या नळीचं हे काम महागड्या स्किमरलाही घरातल्या हवेवर जमत नाही.

कोणी म्हणेल, मोठा घेतला तर बिघडलं काय? बिघडतं. फेस टिकायला पाण्यात पुरेसे सेंद्रिय रेणू लागतात. मोजके मासे आणि भलामोठा स्किमर अशी जोडी असेल, तर फेस कपापर्यंत पोचण्याआधीच फुटतो. खोक्यावरच्या ‘500 लिटरसाठी’ या शब्दांमागे सर्व उत्पादकांना लागू असलेली एक प्रमाणित चाचणीही नाही. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. टँक किती लिटरचा आहे यापेक्षा तुम्ही रोज किती खाद्य टाकता हे महत्त्वाचं.

म्हणून माझा सल्ला असा. टँक 100 लिटरपेक्षा लहान असेल आणि मासे मोजके असतील तर स्किमर घेऊच नका. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. त्याने नायट्रेटही बाहेर जातं. टँक मोठा असेल तर मध्यम स्किमर घ्या आणि घेताना चार गोष्टी पाहा. तो तुमच्या संपमध्ये बसतो का आणि त्याला लागणारी पाण्याची पातळी तिथे स्थिर राहते का? कप आणि पंप सहज सुटे करून धुता येतात का? पंपाचे सुटे भाग मिळतात का? आणि बैठकीच्या खोलीत त्याचा आवाज सोसवेल का? विजेचाही हिशोब करा. 15 वॉटचा पंप वर्षभर चालला तर सुमारे 131 युनिट जळतात. युनिटला 25 पेन्स धरले तर वर्षाला 33 पौंड.

नवा स्किमर पहिल्या आठवड्यात धड फेस देत नाही, लगेच परत पाठवू नका. टँकमध्ये हात घातल्यावर किंवा तेलकट खाद्य टाकल्यावर फेस बसतो, तेही स्वाभाविक आहे.

मोठ्या स्किमरच्या हट्टामागे बऱ्याचदा आणखी मासे ठेवण्याची इच्छा असते, आणि मला खटकतं ते हेच. खाऱ्या पाण्यातले पुष्कळ शोभेचे मासे अजूनही प्रवाळ खडकांवरून पकडून आणलेले असतात. आपल्या चुकीची किंमत ते जिवाने मोजतात. तेव्हा आधी आरओ, मग चाचणीचे किट, मग टँक मुरायला महिना-दीड महिन्याचा धीर. त्यानंतर बंदिस्त पैदाशीतली क्लाउनफिशची एक जोडी आणा. स्किमरचा विचार त्यांचं रोजचं खाणं पाहून करा.