निनावी कबुली आणि निनावी निंदा

नांव न देतां मनांतील गोष्ट जगापुढें मांडण्याची चाल हल्लीं एखाद्या कथेच्या किंवा नटाच्या चाहत्यांमध्यें फार रूढ झाली आहे. ती चांगली कीं वाईट, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनीं व आपल्या पालकांनीं अवश्य केला पाहिजे.

शेरलॉक होम्सचेंच उदाहरण घ्या. १८९३ सालीं कॉनन डॉइल यांनीं 'स्ट्रँड' मासिकांत आपल्या या नायकाला रायखेनबाख धबधब्याच्या दरींत लोटून दिलें, तेव्हां वाचकांनीं त्यांना संतापाचीं पत्रें धाडलीं. अखेर १९०३ सालीं त्यांनीं त्याला जिवंत परत आणिलें. आज त्याचे चाहते एकमेकांशींच भांडतात: जेरेमी ब्रेट हा खरा होम्स, कीं बेनेडिक्ट कंबरबॅच? अशा वादांत कोणी तरी नांव झांकून कबूल करतो कीं, डॉइलच्या चार कादंबऱ्या व छपन्न कथा यांपैकीं आपण एकही वाचलेली नाहीं; आपणांस पडद्यावरचाच होम्स आवडतो.

अशा कबुलीला हंसूं नये. हंसें होईल या भीतीनेंच तर त्यानें नांव झांकलें! कॅथलिक पंथांत धर्मगुरूपाशीं केलेलें पापनिवेदन गुप्त राहतें. तें बाहेर फोडण्याचा अधिकार गुरूलाही नाहीं. परंतु तेथें मनुष्य स्वतःचें पाप सांगतो, शेजाऱ्याचें नव्हे. मर्यादा आहे ती हीच.

तोच पडदा पुढें करून दुसऱ्याच्या आवडीस मूर्खपणा म्हणणें हा मात्र निव्वळ भ्याडपणा होय. टोपणनांव घेणें हा दोष नव्हे. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' झाले. परंतु त्या नांवालाही अब्रू होती आणि ती राखावी लागे. निनावी निंदकाजवळ गमावण्यासारखें कांहींच नसतें.

कोणी म्हणेल, दुबळ्यानें बलिष्ठाविरुद्ध बोलावें तरी कसें? अन्यायाची दाद मागतांना नांव झांकणें क्षम्य आहे. पण आवडीनिवडीच्या वादांत अन्याय कोणता, आणि बलिष्ठ तरी कोण?

म्हणून मित्रहो, नांव न देतां लिहावयाचें असेल, तर स्वतःविषयीं लिहा. दुसऱ्याविषयीं लिहावयाचें असेल, तर त्याच्या तोंडावर बोलवेल तेवढेंच लिहा. आणि पालकांस एक नम्र विनंती: मुलाची आवड ऐकून घरांत कोणी हंसलें नाहीं, तर ती सांगावयास त्याला परक्यांचा आडोसा शोधावा लागणार नाहीं.