बाहेरून जुना, आतून आजचा

सोलापूर-धुळे महामार्गावरच्या येरमाळ्यासारख्या गावात लेथवाल्या कारागिराला कामाची वाण नसते. ट्रॉलीचा बुश, पंपाचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन, अशी अडलेल्या माणसाची कामे त्याच्याकडे येतात. पण कधी एखादा तरुण कोरी मोटारसायकल घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, हँडलच्या टोकाला जुन्या गाडीसारखा पितळी गोळा बसवून द्या." घरातल्या वडीलधाऱ्यांना ही उधळपट्टी वाटते. मुलाला ती हौस वाटते. आम्हाला वाटते, हौसेला हरकत नसावी. पण ती कुठवर न्यायची, हे दोघांनीही समजून घ्यावे.

जुन्याची ओढ एकट्या पोरांनाच नाही, कंपन्यांनाही आहे. १९७२ मध्ये आलेली आपल्या पुण्याची बजाज चेतक कितीतरी घरांची पहिली गाडी होती. तेच नाव आणि तसाच गोलसर धातूचा बांधा घेऊन ती २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली, पण आत इंजिनाऐवजी बॅटरी. २०१८ मध्ये परतलेल्या जावाचेही तसेच. तिचे इंजिन पाण्याने थंड होते, तरी बाहेरून त्याला जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पट्ट्या दिल्या आहेत. रूप कालचे आणि यंत्र आजचे. लेथवरच्या हौसेच्या कामालाही हाच नियम लावावा.

आता तो पितळी गोळा घ्या. चकमध्ये रॉड धरायचा, तोंड साफ करायचे, टूलने गोलाई काढायची, कडेला नर्लिंगची जाळी उठवायची. एवढे झाले की डोळ्यांचे काम संपते आणि मापाचे सुरू होते. हँडलच्या टोकाचे वजन शोभेसाठी नसते. ते हाताला येणारी थरथर कमी करते. म्हणून मूळ भाग वजनदार असतो. पितळ ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड. स्वस्त पडते म्हणून ॲल्युमिनियमचा गोळा केला, तर दिसायला तोच, पण लांबच्या प्रवासात हाताला मुंग्या येतील.

दुसरी गोष्ट आट्यांची. जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांचे बोल्ट इंचाच्या मापात असत. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, तर आजचा आठ एमएमचा. फरक डोळ्यांना दिसत नाही. पण जुन्या विटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि नव्याचा ६० अंशांचा. एका इंचात जुन्याचे १८ आटे, तर नव्याचे २० हून थोडे अधिक. एकात दुसरा घातला तर दोन-तीन फेरे सुखाने फिरतो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. उजव्या बाजूची मूठ ही ॲक्सिलरेटरची. गोळा आणि मूठ यांच्यात थोडी फट राहिलीच पाहिजे. गोळा मुठीला घासला, तर पिळलेली मूठ परत येत नाही आणि हात सोडला तरी गाडी पळत राहते. येरमाळ्याच्या घाटात, समोरून उसाचा ट्रक येत असताना असे झाले तर काय, याचा विचार करावा. म्हणून गोळा बसल्यावर हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून, दोन्ही वेळा मूठ पिळून सोडावी. ती आपोआप झटकन मागे आली, तरच काम पुरे झाले म्हणावे.

आणि काही कामांना चांगला कारागीर नाहीच म्हणतो. ब्रेकचा भाग, पुढच्या फोर्कचा भाग, चाकाचा ॲक्सल नुसत्या रूपासाठी बदलायचा नाही. त्यांचे पोलाद आणि त्याला दिलेले पाणी कंपनीने तपासलेले असते. आपल्या रॉडची खात्री कोण देणार? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीत नमूद तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर तर आजारी माणसाची झोप आणि तान्ह्या बाळाचे काळीज दोन्ही हलवतो. ती हौस नव्हे, शेजाऱ्यांना त्रास.

पालकांना एवढेच सांगणे की, मुलाला अशा कामाची गोडी दिसली तर रागावू नका. त्याच्या हाती व्हर्नियर द्या. दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आज हौसेने गोळा बनवून घेणारा मुलगा उद्या चार शेतकऱ्यांचे पंप चालू करून देईल, आणि त्या कमाईत बरकत असेल. कारागीर भावांना सांगणे हे की, गिऱ्हाईक तुमच्याकडे रूप मागायला येते, माप मागत नाही. ते न मागता द्यायचे असते. कारण गाडीवर पुढे तो असतो आणि मागे बहुधा त्याची अम्मी बसलेली असते.